योना, नोहा आणि वसई: बायबलमधल्या कथा आपण किती अक्षरशः मानतो?

पास्काजागरणाच्या रात्री वसईतल्या प्रत्येक चर्चमध्ये दिवे मालवलेले असतात. अंगणातल्या अग्नीवर पास्काची मोठी मेणबत्ती पेटते, तिच्यावरून बाकीच्या मेणबत्त्या पेटत जातात आणि मग वाचने सुरू होतात. पहिले वाचन उत्पत्तीच्या पुस्तकातले: सहा दिवसांत आकाश, पृथ्वी, झाडे, प्राणी, माणूस. पुढे अब्राहाम पोटच्या मुलाचा बळी द्यायला डोंगरावर निघतो. त्यानंतर समुद्र दुभंगतो आणि मोशेमागे सारे इस्राएली लोक कोरड्या तळावरून पलीकडे जातात. शेवटी शुभवर्तमानातली रिकामी कबर. पापडी, नंदाखाल, सांडोर, निर्मळ, माणिकपूर, आगाशी, सगळीकडे क्रम हाच. बाकांवर पानवेल लावणारा शेतकरी असतो, पाचूबंदरचा मच्छीमार असतो, चर्चगेटची लोकल रोज पकडणारी बँकेतली बाई असते आणि नुकतीच दहावीची परीक्षा दिलेला मुलगाही असतो. चारही वाचने एकाच सुरात, एकाच व्यासपीठावरून होतात. ऐकणाऱ्यांच्या मनात मात्र ती एकाच जागी बसत नाहीत.

म्हणूनच ‘तुम्ही बायबल अक्षरशः खरे मानता का?’ हा प्रश्न सरसकट विचारून हाती काही लागत नाही. तो कथेगणिक विचारावा लागतो. रिकामी कबर हे श्रद्धेचे केंद्र आहे, तिथे तडजोड नाही. समुद्र दुभंगला हे बहुतेक जण मानतात, पण पाणी भिंतीसारखे उभे राहिले की वाऱ्याने ओसरले यावर कोणी वाद घालत बसत नाही. सहा दिवस म्हणजे चोवीस तासांचे सहा दिवस, असे म्हणणारे आमच्या गावांत थोडेच भेटतील. योना तीन दिवस माशाच्या पोटात राहिला, या गोष्टीवर तर घरातली म्हातारी माणसेही मुलांना सांगताना हसतात. श्रद्धेची ही उतरंड लोकांनी आपली आपण रचली आहे. तिच्यामागे चारशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. चर्चची शिकवणही पुष्कळशी तिच्या बाजूची आहे, पण ती शिकवण लोकांपर्यंत पोचवण्यात आपण कमी पडलो आहोत, असे माझे मत आहे.

१५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकली. या दोनशे वर्षांत इथल्या सामवेदी, वाडवळ, कोळी, भंडारी अशा समाजांतले पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले. त्यांच्या हातात बायबल नव्हते. मिस्सा लॅटिनमध्ये होई. कथा पोचल्या त्या वेदीवरच्या मूर्तींतून, क्रुसाच्या वाटेच्या स्थानकांतून, गाण्यांतून आणि येशूच्या दुःखसहनाच्या नाटकांतून. १७३९नंतर धर्मगुरू तुरळक उरले, कित्येक चर्चेस ओस पडली, आणि धर्म जगला तो घरातल्या जपमाळेवर आणि वाटेवरच्या क्रुसांवर. ज्यांच्याकडे पुस्तकच नव्हते त्यांनी पुस्तकातले अक्षर न् अक्षर मानण्याचा प्रश्न येत नाही. त्यांनी मानली ती कथा, आणि जिने ती सांगितली ती आजी.

वेरोनिका नावाच्या बाईने येशूचा चेहरा रुमालाने पुसला, हे क्रुसाच्या वाटेचे सहावे स्थानक आहे. चारही शुभवर्तमानांत ही बाई कुठेही नाही. तरी उपवासकाळातल्या दर शुक्रवारी आम्ही तिच्यापुढे गुडघे टेकतो.

दक्षिणेकडे गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने याच काळात वेगळा प्रयोग केला. १६१६ साली राइतूरला छापलेले त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ म्हणजे दहा हजारांहून अधिक मराठी ओव्यांत सांगितलेले बायबल आहे. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात येशूचे चरित्र. त्याची रचनाच अशी की श्रोते मध्येच शंका विचारतात आणि पाद्री-गुरू उत्तर देतो. मराठीतल्या बायबलकथेचा पहिला मोठा ग्रंथ प्रश्नांना जागा ठेवूनच लिहिला गेला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुराण ऐकताना शंका काढायची, उत्तर ऐकायचे, पुन्हा भक्तीने पुढचा अध्याय ऐकायचा ही इथली रीतच होती आणि स्टीफन्सनी ती ओळखली.

छापील बायबल मराठीत आले ते प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या हातून. विल्यम केरीचा मराठी नवा करार १८११मध्ये श्रीरामपूरला निघाला. पुढे अमेरिकन मिशनने मुंबईत संपूर्ण बायबल छापले. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये सोप्या मराठीतल्या भाषांतराला दिली आणि ते पुरे करूनच १९२२मध्ये त्यांनी डोळे मिटले. रेव्हरंड टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. वसईच्या कॅथलिक घरांत मात्र बायबल वाचण्याची सवय लागली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५च्या पुढे, मिस्सा मराठीत आल्यावर. १९५५ साली सुरू झालेल्या ‘सुवार्ता’ मासिकाने आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने ही सवय रुजवली. आमच्या आईवडिलांच्या पिढीने बायबल प्रथम स्वतःच्या डोळ्यांनी वाचले. त्या अर्थाने वसईतले बायबलवाचन साठ वर्षांचेच आहे.

वाचन सुरू झाले की ऐकीव आणि लिखित यांतला फरक दिसू लागतो. नाताळचा गोठा पाहा. डिसेंबर लागला की वसईच्या वाड्यावाड्यांत तरुण मुले गोठे उभारतात. पेंढा, बांबू, मातीची घरे, विहीर, काही ठिकाणी खरा केळीचा खुंट. मध्ये बाळ येशू, बाजूला मारिया आणि योसेफ, मागे बैल आणि गाढव, एकीकडे मेंढपाळ, दुसरीकडे तीन राजे. आता शुभवर्तमान उघडा. मेंढपाळ फक्त लूककडे आहेत, पूर्वेचे ज्ञानी फक्त मत्तयकडे. ते राजे होते असे मत्तय म्हणत नाही, तीन होते असेही म्हणत नाही आणि ते गोठ्यात नव्हे, घरात येतात. बैल आणि गाढव तर दोघांकडेही नाहीत. ते आले यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या ओळींतून, आणि १२२३ साली ग्रेचो गावात संत फ्रान्सिसने उभारलेल्या गोठ्याने ते कायमचे पक्के केले. हे सांगितल्यावर कोणी गोठ्यातला बैल उचलून बाहेर ठेवत नाही, ठेवूही नये. पण ज्याला आपण ‘बायबलमध्ये आहे’ म्हणतो त्यातले कितीतरी बायबलबाहेरचे असते, एवढे त्यातून उमगते.

अक्षरशः श्रद्धेचे सर्वांत ठळक मराठी उदाहरण मला वसईत सापडत नाही. ते खाडीपलीकडे अलिबागजवळ आहे, आणि तेही ख्रिस्ती नव्हे. एलिया संदेष्टा अग्निरथातून स्वर्गात गेला ही जुन्या करारातली कथा. कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, म्हणजे बेने इस्राएल लोक, त्याला एलियाहू हनाबी म्हणतात. अलिबागजवळच्या खंडाळे इथल्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. नवस फेडायला ते मलिदा घेऊन तिथे जातात. इस्राएलमध्ये स्थायिक झालेली कुटुंबेही गावी आली की त्या खडकाला भेट देतात. बायबलची कथा यार्देन नदीकाठी घडते, खूण मात्र रायगड जिल्ह्यातल्या खडकावर. इथे पुस्तकातल्या ओळीपेक्षा आपल्या गावच्या दगडाचा आधार मोठा ठरला. ज्या मातीत आपण राहतो तिथे देवाचा माणूस येऊन गेला, ही खात्री माणसाला हवी असते.

वारकरी परंपरेत तुकोबांचे सदेह वैकुंठगमन असेच आहे. कोणी ते जसेच्या तसे मानतो, कोणी भक्तीची परिसीमा म्हणून, आणि दोघेही एकाच दिंडीत चालतात. वसई धर्मप्रांताचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी डॉक्टरेट केली ती तुकारामांवर, ही गोष्ट मी इथे मुद्दाम नोंदवतो. आणि निर्मळला आमच्या हिंदू शेजाऱ्यांकडे परशुरामाची कथा आहे. समुद्र मागे हटवून ही भूमी मिळवल्याची कथा सांगणारे आणि समुद्र दुभंगल्याची कथा सांगणारे एकाच गावात राहतात, एकमेकांच्या सणांना जातात. दुसऱ्याच्या कथेला खोटे न म्हणण्याची सवय अशा शेजारातूनच लागते. प्यू रिसर्च सेंटरने २०१९-२० मध्ये भारतभर केलेल्या मोठ्या पाहणीत ५४ टक्के भारतीय ख्रिस्ती लोकांनी कर्मावर विश्वास असल्याचे सांगितले. ही कल्पना बायबलातली नाही, शेजारातून आलेली आहे.

वसईजवळच्या जुन्या सोपाऱ्याचे बायबलशी एक वेगळेच नाते सांगितले जाते. शलमोन राजाची जहाजे ओफीरहून सोने आणत, असे राजांच्या पुस्तकात आहे. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसिफस याने ओफीर हिंदुस्थानात असल्याचे लिहिले, आणि पुढे काही अभ्यासकांनी ते म्हणजे आपले सोपारे असे सुचवले. अरबस्तान आणि पूर्व आफ्रिका यांचेही दावे आहेत. सोपारे प्राचीन बंदर होते यात शंका नाही. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२मध्ये तिथला स्तूप उकरला आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तिथेच मिळाला. पण त्यावरून शलमोनाची गलबते नालासोपाऱ्याला लागली होती असे छातीठोकपणे सांगणे मला पटत नाही. आपल्या गावाला मान मिळतो म्हणून पुरावा मोठा करू नये.

याच किनाऱ्याचा उल्लेख करणारा सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मस. त्याने ‘कल्लियाना’तल्या ख्रिस्ती लोकांबद्दल आणि बिशपबद्दल लिहिले, बरेच अभ्यासक ते कल्याण मानतात. याच कॉस्मसने पृथ्वी सपाट असून विश्व मोशेच्या पवित्र मंडपाच्या आकाराचे आहे, असा ग्रंथभर युक्तिवाद केला. निर्गमाच्या पुस्तकातली मंडपाची मापे त्याने विश्वाला लावली. अक्षराला धरून बसण्याचे इतके टोकाचे उदाहरण क्वचित सापडेल. त्याच्याही दीडशे वर्षे आधी संत ऑगस्टिनने उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहिताना बजावले होते, की ख्रिस्ती माणूस पवित्र शास्त्राचा आधार देऊन सृष्टीविषयी चुकीचे बोलू लागला तर बाहेरचे लोक हसतील आणि पुनरुत्थानाविषयीचे त्याचे बोलणेही कोणी ऐकणार नाही.

पुढची वाटचाल सरळ झाली नाही. गॅलिलिओला १६३३मध्ये शिक्षा झाली. चर्चने त्या प्रकरणातली चूक जाहीरपणे मान्य केली ती १९९२मध्ये, पोप दुसरे जॉन पॉल यांच्या काळात. मधल्या काळात आणि लगेच नंतरही खूप काही घडले. जॉर्ज स्मिथने १८७२मध्ये मेसोपोटेमियाच्या मातीच्या विटेवर नोहासारखीच महापुराची कथा वाचली. जेरिकोत १९५०च्या दशकात कॅथलीन केन्यनने खणले तेव्हा यहोशवाच्या मानलेल्या काळातला तट काही मिळाला नाही. उलट तेल दानला १९९३मध्ये सापडलेल्या शिलालेखात दाविदाच्या घराण्याचा उल्लेख निघाला आणि कैसरियाला १९६१मध्ये पिलाताचे नाव कोरलेला दगड मिळाला. थोडक्यात, पुरातत्त्वाने बायबलचे काही भाग उचलून धरले, काही सोडून दिले.

पोप बारावे पायस यांनी १९४३मध्ये अभ्यासकांना सांगितले की बायबलमधली पुस्तके वेगवेगळ्या प्रकारची आहेत, तो प्रकार ओळखून अर्थ लावा. काव्य काव्यासारखे वाचा, दाखला दाखल्यासारखा, इतिहास इतिहासासारखा. १९६५च्या परिषदेने बायबलचे सत्य म्हणजे देवाने आपल्या तारणासाठी तिथे नोंदवलेले सत्य, असे म्हटले. १९९३मध्ये व्हॅटिकनच्या बायबल आयोगाने केवळ अक्षराला चिकटणाऱ्या वाचनावर कडक टीका केली. योनाचे पुस्तक ही बोधकथा आहे, असे आज बहुतेक कॅथलिक अभ्यासक मानतात. त्या माशाबद्दल हसणारी आमची म्हातारी माणसे शिकवणीच्या विरोधात नव्हती!

मग अक्षरशः मानण्याचा आग्रह कुठून आला? त्याचे आजचे रूप अमेरिकन आहे. तिथे १९१० ते १९१५ या काळात निघालेल्या पुस्तिकांनी ‘मूलतत्त्वे’ ठरवून दिली. १९२५मध्ये टेनेसीतल्या डेटन गावी उत्क्रांती शिकवल्याबद्दल एका शिक्षकावर खटला चालला. त्याच अमेरिकेत गॅलपच्या २०२२च्या पाहणीत बायबल हा शब्दशः देवाचा शब्द आहे असे म्हणणारे २० टक्केच उरले. १९८०च्या आसपास ते ४० टक्के होते. तिकडे ओहोटी लागली असताना इकडे भरती आहे. नालासोपारा, विरार, वसई पूर्वेच्या इमारतींत, कधी दुकानाच्या गाळ्यात, कधी कोणाच्या हॉलमध्ये, रविवारी प्रार्थनासभा भरतात. तिथे जाणाऱ्यांना लोक ‘बिलीव्हर’ म्हणतात. तिथे माणसाला नावाने ओळखतात, त्याच्या आजारासाठी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, आणि बायबलच्या ओळीओळीतून थेट उत्तर देतात. परगावाहून आलेल्या, शहरात एकट्या पडलेल्या माणसाला हे हवेसे वाटते, आणि त्याबद्दल त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. आमच्याच धर्मग्रामांतली काही कुटुंबे तिकडे गेली. आमच्या करिश्माई प्रार्थनागटांतही तीच भाषा शिरली आहे, आणि मोबाइलवरच्या प्रवचनांनी ती घरोघर पोचवली आहे.

माझी हरकत एकाच जागी आहे. ‘विश्वास ठेव, औषध सोड’ असे कोणी कोणाला सांगू नये. चमत्काराच्या बाबतीत खुद्द चर्च फार सावध असते. लूर्दच्या तीर्थक्षेत्री बरे झाल्याचा दावा हजारोंनी केला, डॉक्टरांनी तपासले, आणि दीडशेहून अधिक वर्षांत अधिकृत मान्यता मिळाली ती सत्तरच्या आसपास प्रकरणांना. बायबलमधल्या चमत्कारांवर श्रद्धा असणे वेगळे आणि मधुमेहाच्या गोळ्या बंद करणे वेगळे.

सगळ्यांत अवघड जागा आहे ती शाळकरी मुलाची. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. शुक्रवारी वर्गात तो धडा, रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात आदाम आणि हव्वा. मुलगा दोन्हीकडे मान डोलावतो आणि दोन्हीकडची परीक्षा पास होतो. पण मनात त्याने एक कुलूप लावलेले असते. कॉलेजात गेल्यावर ते उघडते तेव्हा समोर कोणी फादर किंवा सिस्टर नसतात. मग काही जण श्रद्धा सोडतात, काही जण विज्ञानाकडे पाठ फिरवतात. दोघांचेही नुकसान टाळता आले असते. विश्वाच्या आरंभाचा महास्फोटाचा सिद्धांत मांडणारा जॉर्ज लमेत्र हा स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता, आणि सिद्धांताला उत्पत्तीच्या पुस्तकाचा पुरावा बनवू नका असे त्याचेच म्हणणे होते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६मध्ये उत्क्रांती ही निव्वळ कल्पना राहिलेली नाही असे सांगितले. हे वसईच्या किती मुलांना ठाऊक आहे?

प्रश्न सगळे सुटलेले नाहीत, हेही मुलांना सांगावे. मूळ पापाची शिकवण आणि मानवजातीचे एकच आद्य जोडपे यांचा मेळ जनुकशास्त्राशी कसा घालायचा, यावर १९५०च्या पोपपत्रापासून आजवर धर्मपंडितांत खल चालू आहे. अवघड प्रश्न अवघड म्हणून सांगितला तर मूल बिथरत नाही. टाळला तर बिथरते.

अक्षरावर वाद घालताना कथेचे काम मागे पडू नये. दिब्रिटोंनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हरित वसईसाठी लोकांना रस्त्यावर आणले. तेव्हा विषय होता शेतजमिनीचा आणि विहिरींच्या पाण्याचा. राजांच्या पहिल्या पुस्तकात नाबोथाची गोष्ट आहे. त्याच्या द्राक्षमळ्यावर अहाब राजाची नजर गेली, नाबोथ वाडवडिलांची जमीन विकेना, तेव्हा खोटे साक्षीदार उभे करून त्याला मारले आणि मळा बळकावला. ही घटना नेमकी कोणत्या साली घडली हे विचारायची वसईच्या शेतकऱ्याला गरज पडत नाही. नोहाच्या कथेचेही तसेच. जुलै २०१८मध्ये वसई-विरार दिवसेंदिवस पाण्याखाली होते, वीज नव्हती, मिठागरात शेकडो माणसे अडकली होती. नाले बुजले, पाणथळ जागांवर भराव पडले, म्हणून ते पाणी साचले. महापूर साऱ्या पृथ्वीवर आला होता का, हे भूगर्भशास्त्राने केव्हाच निकालात काढले आहे: तसा पुरावा नाही. पण माणसाच्या करणीने भूमी बिघडते, हा त्या कथेचा दावा आपण डोळ्यांनी पाहिला.

म्हणून धर्मप्रांतातल्या धर्मगुरूंना, सिस्टरांना आणि रविवारचे वर्ग घेणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. सेमिनरीत तुम्ही जे शिकलात ते वेदीवरून आणि वर्गात उघडपणे सांगा. योनाचे पुस्तक बोधकथा आहे, उत्पत्तीचे पहिले प्रकरण स्तोत्रासारखे रचलेले आहे, गोठ्यातला बैल परंपरेने आणला आहे आणि पुनरुत्थानाबाबत मात्र चर्चचे म्हणणे काव्याचे नाही, घडलेल्या गोष्टीचे आहे, हे नववी-दहावीच्या मुलांना सांगा. त्यासाठी ‘सुबोध बायबल’ आहे, ‘सुवार्ता’चे जुने अंक आहेत, मराठीतून शिकवू शकणारे शिक्षकही आपल्याकडे आहेत. येत्या जूनपासून धर्मशिक्षणाच्या वरच्या वर्गांत महिन्यातला एक रविवार मुलांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावा.